एवढा कोळसा असून आपण बाहेरून का आणतो?

मोहोर:
नमस्कार. मी शाळेत भूगोल शिकवते. परवा नववीच्या वर्गात खनिजं शिकवत होते, फळ्यावर लिहिलं की १ एप्रिल २०२४ च्या सरकारी नोंदीप्रमाणे भारतात ३८९ अब्ज टन कोळसा आहे आणि २०२४-२५ ला आपण पहिल्यांदा एका वर्षात १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला, १०४ कोटींच्या वर गेलो. मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच भागाकार करून सांगितलं की बाई म्हणजे अजून पावणेचारशे वर्षं पुरेल. मी बरोबर म्हटलं. मग तोच मुलगा म्हणाला, मग त्याच वर्षी आपण २४ कोटी टन बाहेरून कशाला आणला? मला उत्तर देता आलं नाही. गुणवत्ता कमी असते असं काहीतरी बोलले आणि तास संपला.

पण ते डोक्यातून जात नाहीये. घरी येऊन बरंच वाचलं तर कुठे साठा ३८९ अब्ज लिहिलाय, कुठे १११ अब्ज. चीनच्या खालोखाल जगात सर्वात जास्त कोळसा आपण काढतो, आणि आयातीतही वरच्या नंबरात आपणच. दोन्ही एकाच वेळी कसं काय? कुणी खाणीत किंवा वीज केंद्रात काम केलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मला सोमवारी वर्गात नीट उत्तर द्यायचं आहे.

भूस्तर:
ताई, तुमच्या विद्यार्थ्याने फार नेमका प्रश्न विचारलाय, त्याला शाबासकी द्या माझ्याकडून. आधी तो ३८९ चा आकडा बघू कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते.

हा आकडा जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीतला, आणि तो १२०० मीटर खोलीपर्यंतचा आहे. जमिनीत कोळसा किती आहे एवढंच तो सांगतो, काढता किती येईल हे सांगत नाही. त्यातही तीन प्रकार असतात. जवळजवळ भोकं पाडून (बोअर) नमुने काढून खात्री केलेला तो सिद्ध साठा, लांब लांब भोकं पाडून अंदाज बांधलेला तो दर्शित, आणि नुसत्या भूरचनेवरून इथे असायला हवा म्हणून धरलेला तो अनुमानित. एकूण आकड्यातला निम्म्याहून थोडा जास्तच फक्त सिद्ध आहे. आणि सिद्ध आहे म्हणजे सुद्धा काढता येईल असं नाही, वर जंगल असेल, नदी असेल, गाव असेल, रेल्वेलाइन असेल, थर फार पातळ असेल तर तो तिथेच राहतो. १११ अब्ज हा आकडा जागतिक ऊर्जा आकडेवारीतला २०२० अखेरचा, तिथे काढण्याजोगा साठा धरतात, त्यात आपण अमेरिका, रशिया, ऑस्ट्रेलिया आणि चीननंतर पाचवे. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत पण दोन वेगळ्या गोष्टींचे. त्यामुळे ३८९ ला १ ने भागून वर्षं काढायची नाहीत, हे वर्गात पहिल्यांदा सांगा.

दुसरं म्हणजे आपला कोळसा बनला कसा. आपला जवळपास सगळा कोळसा गोंडवाना काळातला, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा, दामोदर, सोन, महानदी आणि वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यांतला. युरोप-अमेरिकेतले बरेच थर झाडं जिथे पडली तिथेच दलदलीत गाडली जाऊन बनले असं मानतात, आपल्याकडे मात्र झाडपाला पाण्यासोबत वाहत येऊन गाळाबरोबर साचला असं बहुतेक भूवैज्ञानिकांचं म्हणणं आहे. त्या गाळाची बारीक माती कोळशाच्या अंगातच मुरलेली असते, दुधात पाणी मिसळावं तशी, वरून धुऊन ती पूर्ण निघत नाही. म्हणून आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. एक चांगली गोष्ट म्हणजे गंधक फार कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. (आसाम-मेघालयचा कोळसा नंतरच्या काळातला, त्याचं उलट आहे, राख कमी पण गंधक जास्त.)

आणि नकाशावर बघा, ओडिशा, झारखंड, छत्तीसगड या तीन राज्यांत मिळून दोन तृतीयांशाहून जास्त साठा. आणि तो जाळायचाय पंजाब, गुजरात, तामिळनाडूत सुद्धा.

मोहोर:
खूप आभार! दोन आकड्यांचं आत्ता कळलं. पण राख जास्त असली तर जास्त कोळसा जाळायचा, एवढंच ना? त्यासाठी परदेशातून कशाला आणायचा?

बॉयलरवाला:
"जास्त जाळायचा एवढंच ना" ह्यावर मी २२ वर्षं नोकरी केली आहे ताई, कोल हँडलिंगमध्ये सुरुवात केली नंतर बॉयलरला आलो, तर जरा लांबण लागेल पण सांगतो.

एक ५०० मेगावॅटचं युनिट फुल लोडवर धरा. आपल्या कोळशावर त्याला दिवसाला साधारण ८ हजार टन लागतो. मालगाडीच्या एका रेकमध्ये ३८०० ते ४००० टन येतो म्हणजे रोज दोन रेक एकाच युनिटला. त्यात ४० टक्के राख म्हटली तर ३२०० टन राख रोज. म्हणजे हजार किलोमीटरवरून दोन गाड्या आणल्या त्यातल्या पाऊण गाडीहून जास्त ही राखच आणली, तिचं पण रेल्वे भाडं भरलं, तिला दळायला मिलची वीज लागली, मग ती बॉयलरच्या ट्यूबांना घासत गेली, ट्यूब पातळ होऊन लीक झाली की युनिट बंद, मग ईएसपीत (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र) पकडली, मग पाण्यातून राखेच्या तळ्यात नेऊन टाकली. आता सिमेंटवाले आणि विटावाले नेतात बरीच, आधी नुसती डोंगर होऊन पडायची.

२०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते, जी-१ ते जी-१७. जी-१ म्हणजे किलोला ७००० किलोकॅलरीच्या वर, जी-१७ म्हणजे २२०० ते २५००. आम्हाला यायचा तो जी-११, जी-१२ म्हणजे ४००० च्या आसपासचा, आणि कागदावर जी-११ असलेला प्रत्यक्षात किती भरेल ते सँपल जळल्यावरच कळायचं. रेकमध्ये दगड येतात हो, डोक्याएवढे, काळे म्हणून लांबून कोळसाच वाटतात, हातात घेतला की वजनावरून कळतं. पावसाळ्यात तर विचारू नका. वॅगन टिपलरवर वाघीण उलटी केली तरी माल खाली पडत नाही, तळाला चिखलासारखा चिकटून बसतो, हॉपरच्या जाळीवर माणसं सळ्या घेऊन उभी राहतात आणि ढोसून ढोसून खाली पाडतात, रात्री दोन वाजता, वरून पाऊस. बंकर रिकामा होत चाललाय आणि कंट्रोल रूमवरून फोनवर फोन. ओल्या आणि हलक्या कोळशावर ज्योत टिकत नाही मग ऑइल मारावं लागतं आणि ऑइलचा खर्च बघितला की पोटात गोळा येतो.

तरी आमचं केंद्र देशी कोळशासाठीच बनवलेलं होतं म्हणून चालायचं. आता तुमचा मुद्दा. समुद्रकिनाऱ्यावरची काही केंद्रं, गुजरातेत मुंद्र्याला वगैरे, मुळातच आयात कोळशासाठी डिझाइन केलेली आहेत. इंडोनेशियाच्या कोळशात राख पाच-दहा टक्के, ओलावा जास्त. त्या बॉयलरच्या ट्यूबांमधलं अंतर, मिलची साइज, राख काढायची यंत्रणा सगळं त्या हिशोबाने. त्यात आपला ४० टक्के राखेचा घातला तर चालत नाही, किंवा चालला तरी निम्मा लोड. म्हणजे ती आयात आपण केंद्र बांधलं त्याच दिवशी पक्की करून ठेवली. आणि किनाऱ्यावर जहाजाने आलेला माल कधी कधी ओडिशातून रेल्वेने आणण्यापेक्षा सोयीचा पडतो, भाव पडलेले असतील तर.

तिसरी गोष्ट मिश्रण. २०२२ च्या एप्रिलमध्ये उन्हाळा लवकर तापला, मागणी एकदम चढली, केंद्रांकडे साठा नाही, रेल्वेकडे रेक कमी पडले. कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या होत्या हे आठवत असेल सगळ्यांना. तेव्हा केंद्र सरकारने १० टक्के आयात कोळसा मिसळा असं सांगितलं. खाणीत कोळसा होता पण यार्डात नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की आपली अडचण जमिनीखाली जितकी आहे तितकीच रुळांवर आहे. नंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली, २०२३-२४ ला आयात साडेसव्वीस कोटी टनांच्या जवळ होती ती पुढच्या वर्षी दोन कोटींच्या वर कमी झाली, आणि त्यात वीज केंद्रांनी मिसळायला आणलेला बराच घटला.

कोकओव्हन:
वरचं सगळं विजेचं झालं. पण पोलादाचं कुणीच बोललं नाही आणि खरी न टाळता येणारी आयात तिथे आहे. २४ कोटी टनांपैकी साधारण साडेपाच-सहा कोटी टन कोकिंग कोळसा आहे, म्हणजे ज्याचा कोक (हवेशिवाय तापवून केलेलं, पोलादाला लागणारं कडक इंधन) बनतो तो, सर्वात जास्त ऑस्ट्रेलियाचा.

प्रत्येक कोळशाचा कोक होत नाही. आमच्या लॅबमध्ये एक सोपी टेस्ट असते, एक ग्रॅम कोळशाची पूड छोट्या झाकणाच्या मुशीत घालायची आणि कडक तापवायची. साधा कोळसा असेल तर झाकण उघडल्यावर पूडच, हलवली की सांडते. कोकिंग असेल तर ती पूड आत वितळून, फुगून, एकजीव होऊन राखाडी चकचकीत बटण तयार होतं, मुशीतून आख्खं बाहेर पडतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते बटण खिशात घालून घरी नेलं होतं मुलीला दाखवायला. हा गुण का पाहिजे तर झोतभट्टीत (खनिजातून लोखंड काढायची भट्टी) वर हजारो टन लोहखनिज आणि चुनखडी रचलेली असते, खालच्या कोकने ते सगळं वजन पेललं पाहिजे, आणि मधून गरम हवा वर जायला जागाही ठेवली पाहिजे. पूड झाली तर भट्टी गुदमरते.

असा उत्तम, ज्याला प्राइम कोकिंग म्हणतात तो, आपल्याकडे फक्त झारखंडातल्या झरियाला, एकूण साठा साधारण ५.३ अब्ज टन. तुमच्या ३८९ मध्ये हे किती ते बघा. आणि झरियाच्या खाली १९१६ पासून आग लागलेली आहे, वरती दाट वस्ती आहे, त्यामुळे तोही सरळ हातात येत नाही. शिवाय त्यातही राख जास्त, धुऊन सुद्धा १७-१८ टक्क्यांवर येते, बाहेरचा १० च्या आत. दोन्ही मिसळूनच वापरावे लागतात. मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की देशी कोकिंग कोळशातला मोठा भाग धुवायला पुरेशा वॉशरी नाहीत म्हणून वीज केंद्रात जाळला जातो. एकीकडे तोच माल डॉलर मोजून आणायचा आणि दुसरीकडे असलेला बॉयलरमध्ये घालायचा. यावर दहा वर्षांपूर्वीच जोर लावायला हवा होता.

जुना सिरदार:
मी वणी भागात भूमिगत खाणीत होतो, आधी लोडर, मग परीक्षा देऊन मायनिंग सिरदार, २०११ ला रिटायर. मोहोर ताई, तुम्ही आणि भूस्तर साहेबांनी साठ्याचं लिहिलं ते वाचून लिहून राहिलो. टायपिंगमध्ये चुका असतील.

जमिनीखाली कोळसा कसा काढत होतो ते सांगतो म्हणजे साठा आणि उत्पादन यात काय फरक पडते ते मुलांना समजेल. बोर्ड अँड पिलर म्हणतात. थरात आडव्या-उभ्या गल्ल्या पाडायच्या, नियमाने गल्ली जास्तीत जास्त ४.८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, आणि मधे कोळशाचेच मोठे चौकोनी खांब सोडायचे छत धरून ठेवायला. म्हणजे पहिल्या फेरीत पंचवीस-तीस टक्के कोळसा बाहेर, बाकी सगळा खांबात उभा. मग शेवटी मागे मागे येत खांब कापायचे, त्याला डिपिलरिंग म्हणतो, ते सगळ्यात धोक्याचं काम. वर गाव असेल नदी असेल तर तेही करता येत नाही, खांब तसेच ठेवा. आमच्याकडं थर किती जाड, कुठं कुठं पंधरा मीटर, आणि आम्ही त्यातला तीन मीटर घेत होतो. बाकी डोक्यावर राहिला न बाप्पा.

सिरदाराचं काम म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन सगळं बघणं. हातात काठी, कॅप लॅम्प आणि वायू बघायचा दिवा. छत काठीनं ठोकायचं. मजबूत असलं तर टण आवाज येते, सुटलेलं असलं तर भद येते आणि हात लावला तर थरथर कळते बोटाला. भद आवाज आला की त्या फेसवर (कोळसा कापायच्या जागी) कोणाला जाऊ द्यायचं नाही, मॅनेजर काही म्हणो. मिथेन असला तर दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढते. मी नवीन होतो तवा आमचे जुने लोक चासनाळाचं सांगायचे, १९७५ च्या डिसेंबरात धनबादकडं खाणीत पाणी शिरलं, ३७५ माणसं गेली. म्हणून शेजारच्या जुन्या बंद खाणीच्या बाजूला काम असलं की पुढं लांब भोक मारून पाणी आहे का बघितल्याशिवाय एक फूट सरकायचं नाही.

आता हे सगळं कमी होऊन राहिलं. कोल इंडियाचा ९५ टक्क्यांच्या वर कोळसा खुल्या खाणीतून येते. वरची माती काढायची (आम्ही ओबी म्हणतो), शॉवेल डंपर लावायचे, थर आख्खा उचलायचा. छत्तीसगडात गेवरा म्हणून खाण आहे कोरब्याजवळ, एकटी खाण वर्षाला पाच-सहा कोटी टन देते. आमच्या खाणीला तेवढं काढायला किती जन्म लागले असते. १०० कोटी टन झाले ते ह्यामुळंच. पण खुली खाण किती खोल नेणार, जेवढं खोल तेवढी माती जास्त, एका टनाला चार टन, पाच टन माती, मग परवडत नाही. खोलवरच्या कोळशाला भूमिगतच जावं लागेल आणि ते काम जाणणारे लोक रिटायर होऊन राहिले. मला याची खरंच काळजी वाटते.

पांढरं सोनं:
सिरदार काका, खुल्या खाणीनं उत्पादन वाढलं हे खरं आहे. पण ती माती जाते कुठे ते पण ताईंनी वर्गात सांगावं म्हणून लिहिते. आमच्या गावाच्या उगवतीला ओबीचा ढिगारा आहे, आधी तिथे शेतं होती. आता सूर्य अर्धा तास उशिरा दिसतो. आमचं कापसाचं शेत त्याच्या आणि डंपरच्या रस्त्याच्या मधे. वेचणीच्या वेळेला बोंड उघडलेलं असतं पांढरंशुभ्र आणि त्यावर काळी धूळ बसते, दिवसभर वेचून ओटीतला कापूस संध्याकाळी बघितला तर करडा दिसतो. व्यापारी मूठभर हातात घेतो, चोळतो, आणि भाव पाडतो. विहिरीला पाणी होतं चाळीस फुटांवर, खाण खोल गेली तसं ते पण खाली गेलं.

जमीन १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याखाली जाते. दोन एकराला एक नोकरी असा हिशोब असतो. आमची दीड एकर. कमी जमीन असलेल्यांनी एकत्र येऊन एकाच्या नावावर नोकरी घ्यायची असते, तर आम्ही आणि चुलत्यांनी मिळून केलं, नोकरी एकाला लागली, बाकीची तीन घरं त्याच्या तोंडाकडे बघत बसली. कागद पुरे करायला सात वर्षं गेली. मी कोळसा नको असं म्हणत नाहीये, आमच्या घरात पण लाइट त्याच्यावरच लागते. पण १०० कोटी टन लिहिताना त्याच्या खाली ही जमीन पण लिहा.

मोहोर:
सगळ्यांचे खूप खूप आभार. पांढरं सोनं ताई, नक्की सांगेन, शब्द देते. सोमवारी मी फळ्यावरचा भागाकार पुसून त्या मुलालाच पुढे बोलावणार आहे आणि ३८९ मधून एकेक गोष्ट वजा करत जायला सांगणार आहे, अनुमानित किती, गावाखाली किती, खांबात किती, राख किती. आकडे नसतील तिथे नुसती नावं लिहू. कोकच्या मुशीचा प्रयोग शाळेत करता येईल का हो? आणि सिरदार काका, एक विचारायचं राहिलं, तुमची ती खाण आता चालू आहे का?

कोकओव्हन:
शाळेत नका करू ताई, आठशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि धूर पण वाईट असतो. त्यापेक्षा साध्या कोळशाचा आणि कोकचा एकेक तुकडा मिळवून मुलांच्या हातात द्या. कोक हलका लागतो, सच्छिद्र असतो आणि बोटं काळी होत नाहीत फारशी. फरक लगेच कळतो.

जुना सिरदार:
नाही बेटा, बंद झाली, पंप काढून घेतले तवा पाणी भरलं. शेवटच्या दिवशी मी आणि दोन पंप खलाशी तेवढे खाली होतो. जाताना मी सवयीनं छत ठोकत ठोकतच बाहेर आलो, सगळीकडं टण. चांगले खांब होते, आमच्याच हातानं सोडलेले. ते तसेच उभे आहेत पाण्यात.

तुमच्या मुलांना कधी घेऊन या इकडं, चानकाचं (खाणीत उतरायच्या विहिरीचं) तोंड बंद केलं आहे पण जागा दाखवतो.